भोपळ्याची गाठ

माझी आई गाठ मारत नसे. पुडीला दोरा गुंडाळायची वेळ आली की ती पुडी माझ्या बायकोच्या हातात देई. माझ्या लग्नात तिनं करायच्या म्हणून ज्या काही गाठी होत्या त्या मावशीनं मारल्या. माझ्या मुलीच्या पाळण्याच्या दोऱ्या शेजारणीनं येऊन बांधल्या. लुगड्याची कमरेची गाठ तेवढी ती स्वतः मारी, कारण तिथं इलाज नव्हता. पण तीसुद्धा भिंतीकडे तोंड करून.

बायको नवी घरात आली तेव्हा तिला वाटलं, सासू कामचुकार आहे. मी तिला एकदाच सांगितलं की माझ्या धाकट्या भावाच्या कमरेला भोपळा आईनं बांधला होता, आणि तो बुडाला. तिनं पुन्हा तो विषय काढला नाही. आमच्या घरात तो विषय कुणीच काढत नसे. तो नुसता घरात राहत असे.

आमच्याकडे पोरांना पोहायला शिकवतात ते भोपळा बांधून. चांगला वाळून आतून पोकळ झालेला दुध्या भोपळा दोरीत गुंफायचा, पोराच्या पाठीला कमरेशी आवळून बांधायचा, आणि पोराला पाण्यात लोटायचं. भोपळा बुडत नाही म्हणून पोर बुडत नाही. हातपाय मारायला आले की भोपळा सुटतो. कल्याणात प्रत्येक घरी माळ्यावर असा एखादा भोपळा असायचाच.

त्या साली मी बारा वर्षांचा होतो आणि तो आठ. अक्षय्यतृतीया होती, शाळेला सुट्टी. आमच्या घरी चैत्रगौरीचं शेवटचं हळदीकुंकू होतं, म्हणून आई सकाळपासून वाटली डाळ आणि पन्हं यांत गुंतलेली. धाकटा तिच्यामागे भुणभुण करत होता, भोपळा बांध, भोपळा बांध. तिनं डाळीचे हात घाईघाईनं पदराला पुसले, त्याच्या कमरेला भोपळा बांधला, पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाली, "जा. तळ्यावरच जायचं हं."

वडिलांचा तसा हुकूमच होता. पोहायचं ते तळ्यात, खाडीत नाही. पण मला खाडीवर जायचं होतं, आणि त्याचं कारण होतं पाऊणकी.

त्याच्या थोडेच दिवस आधी वडिलांचे एक मामेभाऊ वसईहून आले होते. जेवता जेवता ते म्हणाले की आमच्या वसईला कोळ्यांना घड्याळ लागत नाही, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. मला जेवण सुचेना. शाळेत पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, माझ्याइतकी धडाधड कुणालाच येत नव्हती. तृतीया, म्हणजे तीन पाऊण सव्वादोन. सव्वादोनला खाडी काठोकाठ भरणार, क्षणभर उभी राहणार आणि मग ओहोटी लागणार. केवढी थोरली खाडी, आणि ती माझ्या पाठांतरातून चालणार! हे कुणाला तरी दाखवल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं, आणि माझ्यावर पूर्ण विश्वास असलेला माणूस जगात एकच होता.

किल्ल्याच्या पायथ्याशी खाडीला पायऱ्या होत्या. आम्ही पोचलो तेव्हा कचेरीत दोनचे टोले पडले. मी त्याला सगळं गणित समजावून सांगितलं. तो तोंड उघडं टाकून ऐकत होता. सव्वादोन झाले असतील अशा अदमासानं मी म्हणालो, "आता पाणी भरलं. उतर. पायरी सोडू नकोस." तो उतरला. पायरी धरून पाय मारायला लागला, भोपळा पाठीवर डुचमळत होता. मला थोड्या वेळानं कंटाळा आला. वर टेकाडावर करवंदं पिकली होती. मी गेलो.

परत आलो तेव्हा पायरीवर त्याचा सदरा होता. उडू नये म्हणून त्यानं त्यावर दगड ठेवला होता.

मी काठानं धावत सुटलो, ते खाली, म्हणजे समुद्राच्या बाजूला. सव्वादोन केव्हाच उलटून गेले होते, ओहोटी लागली होती, पाणी तिकडेच नेणार. वाऱ्यानं पाण्यावर बारीक लाटा उठत होत्या. खरं पाणी कुठल्या बाजूला चाललंय ते मला दिसत नव्हतं, आणि बघायची गरजही वाटली नाही, कारण मला ते पाठ होतं. तास-दीड तास मी हाका मारत फिरलो, आणि मग घरी गेलो. ओसरीवर बायका जमल्या होत्या, अत्तरगुलाबाचा वास येत होता. आईनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागं कुणी नाही हे पाहिलं, आणि तिच्या हातातली वाटी तशीच राहिली.

वडील धावत बंदरावर गेले, मला हाताला धरून. होडीवाले गोळा झाले. त्यांतल्या एकानं मला विचारलं, "पोरा, भरतीत उतरला का ओहोटीत?"

"ओहोटीत," मी म्हणालो. अगदी ठासून म्हणालो. शाळेत उत्तर देतो तसा.

चार होड्या खाली गेल्या. थेट डोंबिवलीच्या पुढं, मुंब्र्याच्या डोंगरापर्यंत त्यांनी दोन्ही काठ पाहिले. दुसऱ्या दिवशीही तिकडेच पाहिलं. तिसऱ्या दिवशी वरच्या अंगाच्या एका गावचा माणूस त्याला होडीत घालून घेऊन आला. भरती-ओहोटीनं खाली नेऊन पुन्हा वर आणला असेल, असं लोक म्हणाले. कमरेला भोपळा नव्हता. आईनं आधी त्याच्या उघड्या कमरेकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या हातांकडे.

त्या क्षणी तिनं काय ठरवलं ते मला कळलं होतं. तिनं घाईत मारलेली गाठ सुटली. त्याला खाडीवर मी नेलं होतं, पायरीवर टाकून करवंदं खायला मी गेलो होतो. पण गाठ सुटली नसती तर एवढं होऊनही तो वाचला असता, म्हणजे दोष गाठीचा. मी बारा वर्षांचा असलो तरी एवढा हिशेब मला येत होता. खरं सांगायचं तर मला ते सोयीचं वाटलं. पुढेही वाटत राहिलं. तेहेतीस वर्षं मी माझ्या आईला भिंतीकडे तोंड करून गाठ मारताना पाहिलं आणि गप्प बसलो.

मोठेपणी मी मास्तर झालो, त्यातही गणिताचा. ठाण्याला टेंभीच्या शाळेत बरीच वर्षं काढली. पाऊणकीचा धडा आला की मी वर्गातल्या एखाद्या पोराला पुढे उभा करून त्याच्याकडून म्हणवून घेई आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभा राही. पाठीमागं चाळीस पोरं एका सुरात ओरडत, तीन पाऊण सव्वादोन. मी पाण्यात पाऊल म्हणून घातलं नाही. तलावावरून जायचं झालं तर पलीकडच्या रस्त्यानं जाई. आंघोळ तांब्यानं. घरचा गणपती विसर्जनाला शेजारी नेत.

पंचेचाळिसावं लागलं आणि माझी कल्याणला बदली झाली.

त्या वयात माणसाला काय होतं ते मी आधी ऐकून होतो, पण आपल्याला होईल असं वाटलं नव्हतं. नाकावर चाळिशी आली होती. दोन दाढा गेल्या होत्या. मुलगी सासरी, मुलगा वऱ्हाडात नोकरीला. शाळेत जे आज शिकवलं तेच वीस वर्षांपूर्वी शिकवलं होतं आणि तेच मरेपर्यंत शिकवायचं होतं. सकाळी उठलो की कुणाचा तरी राग आलेला असे, आणि तो कुणाचा हे दुपारपर्यंत शोधून काढावं लागे. बहुतेक वेळा तो बायकोच्या वाट्याला जाई. तिनं एकदा सरळ हात जोडले. "अहो, कसला तरी नाद लावून घ्या. नाहीतर मी तरी माहेरी जाते."

म्हणून मी आधी सतार आणली. महिनाभरानं बायको म्हणाली, ही लागेपर्यंत आळीत कुणी राहणार नाही. सतार परत गेली. मग बुद्धिबळ. माझ्यासमोर बसायला एक निवृत्त कारकून येत, ते दर खेळीला डुलकी काढत आणि तरीही जिंकत. मग गुलाबाची कलमं लावली, ती आळीतल्या शेळीनं खाल्ली. मी शेळीच्या मालकाशी भांडलो, त्यात मात्र दोन दिवस बरे गेले.

फाल्गुनातली एक सकाळ होती. शाळा सकाळची नव्हती. पाय नेतील तिकडे निघालो आणि पाहतो तो किल्ल्याच्या पायथ्याशी आलेलो. त्याच पायऱ्या होत्या. शेवटच्या पायरीवर साठीचा एक काळा, सडसडीत म्हातारा दोरी वळत बसला होता. शेजारी त्याची लहानशी होडी, आणि होडीत चार-पाच वाळलेले भोपळे. सुट्टीत आळीतली पोरं त्याच्याकडे पोहायला शिकायला येत, पैसा तो घेत नसे. हा आगरी म्हातारा वरच्या अंगाच्या एका गावाहून येऊन इथं राहिला होता आणि होडी चालवी. मामलेदारापासून भिकाऱ्यापर्यंत सगळ्यांना तो 'तू'च म्हणे.

मी भोपळ्यांकडे पाहत उभा राहिलो. किती वेळ, ते ठाऊक नाही.

"कुना पोराला शिकवायचंय काय?" त्यानं विचारलं.

"मला शिकायचंय," मी म्हणालो. हे शब्द माझ्या तोंडून कसे आले ते मला आजही सांगता येणार नाही.

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ये. पन ती चाळिशी काढून ठेव. तिला पोयाला येत नाय."

पहिले आठ दिवस मी नुसता पायरी धरून गळ्यापर्यंत पाण्यात उभा राहिलो. दात वाजत, आणि ते थंडीनं नव्हे. पाण्याखाली पायाला काही लागलं, गवत असो की मासा, की मला वाटे, हात आहे. नवव्या दिवशी म्हाताऱ्यानं मला न विचारता माझी बोटं पायरीवरून सोडवली. मी बोंब मारली, गटांगळी खाल्ली, आणि मग पाठीवरच्या भोपळ्यानं मला वर उचललं. मी तरंगत होतो. कान पाण्यात, डोळ्यांपुढं नुसतं आभाळ. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या अंगाला वजन नव्हतं. मी हसलो की रडलो ते म्हाताऱ्याला विचारायला हवं. तो म्हणाला, "तोंड मिट, पानी जायल."

त्यानंतर मी रोज जाऊ लागलो. बायकोला सांगितलं तेव्हा ती आधी पोट धरधरून हसली, आणि मग एकाएकी थांबली. "सासूबाईंना?" तिनं विचारलं. "देवळात जातो म्हणून सांग," मी म्हणालो. आईनं ते ऐकून घेतलं. मात्र माझं वाळत घातलेलं धोतर ती रोज एकदा नाकाशी नेते, हे मी पाहिलं होतं.

बायको सांगे, चेहरा उजळलाय. शाळेतही माझा हात पूर्वीसारखा छडीकडे जाईना. सुखी होतो मी. धाकटा जिथं गेला त्याच पाण्यात मी सुखी होतो, याची लाज वाटे आणि तरी दुसऱ्या दिवशी पाय तिकडेच वळत. कधीकधी पाठीवर तरंगताना पाण्यातून कुणीतरी हाक मारल्यासारखं होई. मी मान उचलून पाही. काठावर म्हाताऱ्याशिवाय कुणी नसे.

चैत्र वद्य तृतीया होती. मी निघताना म्हाताऱ्याला म्हणालो, "उद्याचं सांगून ठेवतो. आज तृतीया, तीन पाऊण सव्वादोन. उद्या चतुर्थी, म्हणजे तीनला भरती. भरल्या पाण्यात येतो." इतक्या वर्षांनी ते शब्द मी मोठ्यानं उच्चारले होते. भीड चेपली होती, दुसरं काय.

म्हातारा हसायला लागला. "तीनला? त्ये वसईचं गनित, मास्तर. वसईला पानी भरतं तवा आपल्या हितं त्ये अजून चालतंच हाय. वसईचं पानी हितवर यायला दोन-अडीच घंटे लागतात. सव्वादोनला हितं भरती नाय सरत. सव्वादोनला पानी वर पळतंय, वर! तू शालेत ह्येच शिकवतो?"

मी पायरीवर बसलो.

"म्हणजे समजा," मी म्हणालो, "समजा एखादं पोर तृतीयेला अडीचच्या सुमाराला इथून सुटलं. कमरेला भोपळा. तर?"

"वर जायल. आनि कुठं? काळू नदी मिलते तिथल्या खाजनात जाऊन अडकंल." चिखलातल्या झाडीला तो खाजण म्हणत होता. मग त्याचं हसू मावळलं. हातातली दोरी त्यानं खाली ठेवली. "तसा एक गेलता. लई वर्सं झाली, मी तवा पंचिशीचा. आमच्या गावाखालीच गावला. बामनाचा पोर व्हता. झाराच्या बुंद्याला दोन्ही हातांनी बिलगलेला. भोपला पाठीला तसाच. गाठ पान्यानं आशी आवलली व्हती का सुटंना. मी कोयत्यानं दोरी तोडली आनि होडीत घालून हितं आनला."

"भोपळा काय केलास?"

"सोडला पान्यात. मेलेल्याच्या आंगावरची वस्तू आमी घरात नेत नाय." त्यानं दोरी पुन्हा हातात घेतली. "पन बुडाला नव्हता तो, मास्तर. भोपला आसल्यावर बुडंल कसा? पयल्या दिशी तिनीसांजेला खाजनातून हाक आली. बारीक, पोराची. आख्ख्या गावानं ऐकली. खाजनातली हाक म्हंजे भूत, तिला ओ देयाची नाय. बायांनी दारं लावली. मी पन लावलं. दुसऱ्या दिशी पन आली, सकालच्याला. मंग नाय आली."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि मी कोण ते त्याला मी न सांगताच समजलं. तेव्हापासून तो येईल त्या पोराला फुकट पोहायला का शिकवत होता, तेही मला समजलं. आम्ही दोघं म्हातारे, एक पन्नाशीकडे आलेला आणि एक साठीला टेकलेला, त्या पायरीवर शेजारी शेजारी बसून राहिलो.

घरी जाताना मी मनातल्या मनात फळ्यावर मांडतो तसं सगळं मांडलं. गाठ सुटली नव्हती. भोपळ्यानं त्याला तरंगत ठेवलं होतं. भरतीनं त्याला वर नेलं. साडेचार-पाचला होड्या निघाल्या, आणि त्यांतली एक जरी वर गेली असती तर अंधार पडायच्या आत तो सापडला असता, जिवंत. होड्या खाली गेल्या त्या माझ्या एका शब्दावर. तेव्हा बंदरावर खरोखरच पाणी उतरायला लागलं होतं, म्हणून कुणाला शंका आली नाही. मी नुसतं 'दुपारी दोन-अडीचला उतरला' असं म्हटलं असतं तर होडीवाल्यांना लगेच कळलं असतं. पण मी वेळ सांगितली नाही. मी उत्तर सांगितलं.

आता माझ्या हातात अशी गोष्ट होती की जिच्यानं आईची सुटका झाली असती. तिच्या गाठीनं पोर गेलं नाही, हे तिला नुसतं सांगायचं होतं. पण ती तेवढ्यावर थांबणारी बाई नव्हती. गाठ टिकली तर मग पोर गेलं कसं, हे ती विचारणारच. आणि तिचं वय झालं होतं. आपलं पोर जिवंत तरंगत होतं आणि सगळा गाव दुसरीकडे शोधत होता, हे डोक्यात घेऊन तिनं मरायचं का? का गाठीचाच दोष घेऊन मरायचं? पंधरा दिवस मी यावर विचार केला आणि पंधरा दिवस मला स्वतःचा तिटकारा आला, कारण विचार करताना मधेच मी तिच्यावरून घसरून माझ्यावर येई. तिला कळलं तर ती माझ्याकडे कशी बघेल?

पोहणं मी सोडलं नाही. उलट भरतीला जाऊ लागलो, खऱ्या भरतीला, आणि पाण्याबरोबर वर जाऊ लागलो. म्हातारा होडी घेऊन मागं येई.

अक्षय्यतृतीयेच्या आदल्या दिवशी दुपारी आई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसली होती. दुसऱ्या दिवशी पितरांच्या नावानं पाण्याचे कलश द्यायचे होते. त्यात दरवर्षी ती एक लहानशी कळशी वेगळी ठेवी. ती तिथं कोपऱ्यात घासून पालथी घातलेली होती. तिच्याकडे पाहिलं आणि मला राहवलं नाही.

"आई, मी खाडीवर जातो. पोहायला."

"माहीत आहे," ती वर न बघता म्हणाली.

"तिथं तो माणूस भेटला. धाकट्याला घेऊन आला होता तो. भोपळा त्याच्या पाठीला तसाच होता. गाठ सुटली नव्हती. इतकी घट्ट होती की त्यानं दोरी कोयत्यानं तोडली."

आईचा हात सुपात थांबला. "कोयत्यानं तोडली?"

"हो."

"सुटत नव्हती?"

"नव्हती."

तिनं हे मला चारदा तरी सांगायला लावलं. मग तांदळाच्या पिशवीची नाडी हातात घेतली, तिची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. दारात माझी बायको उभी होती, ती तोंडाला पदर लावून आत गेली. आई एखाद्या मुलीसारखी हसली. त्या संध्याकाळी तिनं घरातल्या सगळ्या पिशव्या, पुरचुंड्या, मडक्यांची फडकी स्वतः बांधली. मी अर्धंच सांगितलं होतं, आणि ते पुरलं असं मला वाटलं. मी सुटलो असं वाटलं, हेही लिहायला हवं.

सकाळी कलश देऊन झाले. लहान कळशी तिनं शेवटी दिली. भटजी गेल्यावर ती ओसरीवर माझ्यासमोर येऊन बसली. रात्रभर तिला झोप नव्हती, हे डोळ्यांवरून दिसत होतं.

"भोपळा होता, म्हणजे तो तरंगत गेला," ती म्हणाली.

"हो."

"आणि वर सापडला. म्हणजे वरच गेला असेल."

"हो."

"मग होड्या खाली का गेल्या रे?"

मी खाली मान घातली. "मी सांगितलं म्हणून. ओहोटीत उतरला असं मी म्हणालो. माझं गणित चुकलं होतं, आई. ती भरती होती."

आतून ताटावाट्यांचा आवाज येत होता, बायको हळदीकुंकवाची तयारी करत होती. आई माझ्याकडे पाहत होती. त्या नजरेत राग असता तर मी पाय धरले असते. राग नव्हता. ती कुठं तरी लांबचं ऐकत असल्यासारखी बसली होती.

"हाका मारल्या असतील त्यानं," ती म्हणाली.

खाजणातल्या हाकेचं मी तिला सांगितलं नाही. ते मी कुणालाच सांगितलं नाही, आज इथं पहिल्यांदा लिहितो आहे, आता ती नाही म्हणून.

ती उठली. "भोपळा आण," ती म्हणाली. "आणि चल."

तेहेतीस वर्षांनी ती खाडीवर आली. माझा हात धरून एक एक पायरी उतरली, आणि ज्या पायरीवर तो सदरा होता तिथं थांबली. ती पायरी मी तिला दाखवली नव्हती. म्हातारा होडीत होता. तिला पाहून तो उठून उभा राहिला आणि त्यानं डोक्याचं फडकं काढलं. कचेरीत दोनचे टोले पडून गेले होते.

आईनं मला पाठमोरा केला. पंचेचाळीस वर्षांच्या मास्तराच्या कमरेला तिनं भोपळा लावला, दोरी दोनदा फिरवली आणि गाठ मारली. गाठ तिनं अशी आवळली की माझा श्वास अडला. मग तिनं दोरीला हिसका देऊन पाहिला. एकदा, दोनदा, तीनदा.

मी पाण्यात पाय घालणार, तेवढ्यात ती म्हणाली, "थांब." पायरीवर पिंपळाचं एक वाळकं पान पडलं होतं. तिनं ते उचललं आणि वाकून पाण्यावर सोडलं. पान क्षणभर तिथंच फिरलं आणि मग टिटवाळ्याच्या दिशेनं चालू लागलं, आधी हळू, मग भरभर. दिसेनासं होईपर्यंत ती त्याच्याकडे बघत राहिली. एवढंच करायचं होतं. बारा वर्षांच्या पोरालाही ते जमलं असतं.

"वर चाललंय," आई म्हणाली. ती त्या पायरीवर नीट मांडी घालून बसली आणि पदर खोचला. "जा आता. मी इथंच आहे. कुणी विचारलं तर सांगते, वर गेलाय म्हणून."